उचलून घेऊ की!

“कशाला टेन्शन घ्यायलात काका, उचलून घेऊ की!”

हे वाक्य मी परभणीत ऐकलंय, नांदेडात ऐकलंय, लातूर आणि बीडच्या सभागृहांच्या पायऱ्यांशी ऐकलंय. छत्रपती संभाजीनगरात मी गेली तीस वर्षं राहतो, तिथं ते दोन भाषांत मिळतं. दुसरी आवृत्ती अशी : “टेन्शन नक्को लो चचा, उठा लेते ना.” बोलणारा बहुतेक विशी-बाविशीचा असतो आणि वाक्य संपायच्या आत त्याचा हात माझ्या खुर्चीच्या चाकाला लागलेला असतो. (चाकाला धरून खुर्ची उचलायची नसते. चाक फिरतं आणि माणूस पुढे ओतला जातो. फ्रेमला धरा, उंच असतील ते दोघं खालच्या बाजूला या, हे मी आता स्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणून टाकतो.) रॅम्प एकवेळ सापडणार नाही, पण उचलायला चार जण सापडले नाहीत असं आमच्या मुलखात माझ्या बाबतीत कधी घडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका हौशी संस्थेचं नाटक होतं. नाटकाचं नाव सांगत नाही आणि नाट्यगृहाचंही नाही. पायऱ्या अकरा. नव्या ठिकाणी गेलं की लोक हवापाणी बघतात, मी पायऱ्या मोजतो. संस्थेचीच चार पोरं धावत आली. दोघं प्रकाशयोजनेतले, एक नेपथ्यातला आणि चौथा बहुधा हवालदाराचं काम करणारा, कारण त्याच्या अंगात खाकी होती. एक-दोन-तीन म्हणत त्यांनी मला वर नेलं. तिकीट फाडणारा थांबला, गजरे माळलेल्या बायका बाजूला झाल्या, एक आई आपल्या मुलाला म्हणाली, “बघ, असं असूनसुद्धा आलेत नाटकाला.” मला सहाव्या रांगेच्या कडेला, जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवून, ब्रेक लावून पोरं विंगेत पळाली.

नाटक वाईट होतं. साधं वाईट नव्हे, मनापासून वाईट. पहिल्या वीस मिनिटांत नायकाच्या वडिलांनी तीनदा छातीला हात लावला आणि तिन्ही वेळा लाल दिवा लागला. मध्यंतरात शेजारचे गृहस्थ उठले, शबनम खांद्याला लावली आणि म्हणाले, “आम्ही निघतो बुवा. तुम्ही?”

मी कुठं निघणार? माझी चार पोरं आत होती. एक लाल दिव्यापाशी, एक खाकीत.

दुसरा अंक मी पूर्ण पाहिला. पडदा पडल्यावर पोरं घामाघूम होऊन आली, खुर्ची उचलली आणि बरोबर सहाव्या पायरीवर, म्हणजे पाच वर आणि पाच खाली राहिलेल्या असताना, नेपथ्यवाल्यानं विचारलं, “काका, कसं वाटलं नाटक?”

“छान,” मी म्हणालो.

खुर्ची ज्यांच्या हातात आहे त्यांच्या नाटकाचं परीक्षण मला अजून जमलेलं नाही. घरी आल्यावर बायकोला हा किस्सा सांगितला, ती पोट धरून हसली, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मी किती ठिकाणी असंच ‘छान’ म्हणून आलोय, ते आठवत पडलो.

मला पोलिओ दीड वर्षाचा असताना झाला. दोन्ही पाय गेले, उजवा जरा जास्त. शाळा-कॉलेज आणि बँकेतली नोकरी कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर झाली. पन्नाशीनंतर खांद्यांनी संप पुकारला आणि मी चाकाच्या खुर्चीत आलो. पण त्याआधी, अगदी लहानपणी, माझं वाहन म्हणजे वडिलांचे खांदे. मानवतजवळच्या आमच्या गावात सप्त्यात मारुतीच्या पारापुढं भारूड व्हायचं. वडील मला खांद्यावरून उतरवून पारापुढच्या पोत्यावर बसवायचे आणि स्वतः पानतंबाखूला जायचे. मी आपला आपण सरपटत पुढं जायचो. पोरांच्या पायांमधून, पखवाजाच्या अगदी जवळ. सगळेच जमिनीवर बसलेले. त्या गर्दीत माझे पाय कसे आहेत हे कुणाला दिसायचंच नाही, कारण कुणाचेच पाय दिसत नव्हते.

भारुडात सोंगं यायची. एकनाथांनी पैठणात बसून जी भारुडं लिहिली त्यांत आंधळा आहे, पांगळा आहे, बहिरा आहे, मुकाही आहे. प्रत्येकाच्या व्यंगाला त्यांनी अध्यात्माचा अर्थ दिलाय : परमार्थ न दिसणारा तो आंधळा, तिकडं पाऊल न पडणारा तो पांगळा. आमच्या गावचा सोंगाड्या पांगळ्याचं सोंग फार झकास वठवायचा. गुडघे दुमडून, तळहातांवर अंग ओढत यायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. मग एका वर्षी त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि एक क्षण अडखळला. नंतर आईकडून कळलं की हातांची ठेवण त्यानं माझ्यावरूनच उचलली होती. मला राग आला नाही. उलट आठवडाभर मी मिरवत होतो.

त्या पाराला माझ्यासाठी कुणी काही केलेलं नव्हतं. पार उंच होता, पण खेळ खाली मातीत चालायचा आणि माती सगळ्यांना सारखीच उंच. पुढं जिल्ह्याच्या गावांना सभागृहं आली, नाट्यगृहं आली, आणि प्रत्येकानं स्वतःला जोत्यावर चढवून घेतलं. इमारतीला भारदस्तपणा यायला पायऱ्या लागतात अशी आपल्याकडं समजूत आहे. कचेरीला असतात, कोर्टाला असतात, मग कलेला का नसाव्यात?

रॅम्प काही ठिकाणी आहेत. नाही असं नाही. पण रॅम्पचं एक गणित आहे आणि ते चौथीच्या मुलालाही सुटेल. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. म्हणजे जोतं तीन फुटांचं असेल तर रॅम्प छत्तीस फूट हवा, मध्ये दम खायला सपाट जागा हवी, दोन्ही बाजूंना कठडा हवा. मी पाहिलेला एक रॅम्प तीन फुटांच्या जोत्याला आठ फुटांत भिडलेला होता. वर गुळगुळीत फरशी. त्याच्यावरून खुर्ची वर जात नाही आणि खाली आली तर रस्त्यापलीकडच्या पानपट्टीतच थांबते. लहान मुलं घसरगुंडी म्हणून वापरतात, त्यांना तो आवडतो. दुसऱ्या एका ठिकाणी रॅम्प उत्तम होता, पण त्याच्या तोंडाशी जनरेटर ठेवलेला. तिसऱ्या ठिकाणी वरच्या टोकाच्या दाराला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडं तो जेवायला गेलेला. चौथ्या ठिकाणी पाहुण्यांच्या स्वागताच्या कुंड्या. मी तिथल्या व्यवस्थापकांना म्हणालो, कुंड्या जरा हलवता का? ते मनापासून वाईट वाटून म्हणाले, “अहो सर, कुंड्या कशाला हलवायच्या, पोरं बोलवतो की, उचलून घेतील.”

स्वच्छतागृहाबद्दल फार लिहीत नाही. खुर्चीचं चित्र लावलेल्या दाराआड मला आजवर झाडू, फाटके बॅनर आणि एकदा गणपतीची अख्खी मखर सापडली आहे. तीन अंकी नाटकाला जायचं असेल तर मी दुपारपासून पाणी पीत नाही.

आणि रंगमंच? इमारत बांधणाऱ्यानं माझा विचार केलाच तर प्रेक्षक म्हणून केलेला असतो. मी वर येऊ शकेन हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. एका स्पर्धेत माझ्या एकांकिकेला लेखनाचं बक्षीस मिळालं. माझी पात्रं तासभर त्या रंगमंचावर भांडली, रडली, एकानं तर तिथं स्वयंपाकही केला. लेखकाचं नाव पुकारल्यावर निवेदिका म्हणाली, “सर खालीच थांबा, पाहुणे आपल्याकडे येतील.” पाहुणे आले. फोटोत पाहुणे वाकलेत, मी वर बघतोय आणि मागं पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या. फोटो छान आला आहे, असं सगळे म्हणतात.

कायदा काय म्हणतो ते मला तोंडपाठ आहे, बँकेत होतो ना. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. नियम जून २०१७मध्ये आले आणि असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला तिथून पाच वर्षांची मुदत होती. २०२२चा जून आला आणि गेला. मग ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. निकाल वाचला त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते. त्यानंतर एका सभागृहात गेलो. पायऱ्या तितक्याच होत्या.

एक गोष्ट मात्र मला गंमतीची वाटते. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत सापडला. म्हणजे आमची जमात आता नामशेष होणार, चांगलंच आहे. पण मराठी नाटकाला येणारा प्रेक्षक डोळ्यांसमोर आणा. निम्मे साठीच्या पुढचे. गुडघे बदललेले, बदलायला आलेले, किंवा बदलायचं नाही म्हणून हट्ट धरून बसलेले. त्या अकरा पायऱ्या ही मंडळी कठड्याला लोंबकळत, एकमेकांना “सावकाश” म्हणत चढतात. त्यांच्यातलं कुणी रॅम्प मागत नाही, कारण रॅम्प ‘त्यांच्यासाठी’ असतो. ‘त्यांच्या’ म्हणजे माझ्या.

अजिंठ्याची गोष्ट निराळी आहे, तिथं मी भांडत नाही.

पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीत, १९८३च्या आसपास. त्याच साली युनेस्कोनं अजिंठा आणि वेरूळ दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत घेतली, हे नंतर कळलं. तेव्हा मला कळली ती फक्त पायथ्याची सावली. सर म्हणाले, “तू इथं बस बाळा, आम्ही आलोच.” चाळीस पोरांचे डबे माझ्या ताब्यात. वाघूर नदीच्या कोरड्या पात्राकडं बघत मी अडीच तास बसलो आणि सूड म्हणून तीन डब्यांतल्या गुळपोळ्या खाल्ल्या. वरून आलेल्या पोरांना विचारलं काय होतं, तर म्हणाली, “अंधार.”

दुसऱ्यांदा गेलो चाळिशीत, स्वतःच्या पैशानं, डोलीत. आता गाड्या फर्दापूरच्या फाट्यापाशीच थांबतात आणि तिथून पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसनं जावं लागतं. त्या बसची पायरी हा एक स्वतंत्र लेख आहे. लेण्यांच्या पायथ्याशी डोलीवाले बसलेले असतात. दोन दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि चार माणसं. त्यातल्या वयस्कर माणसानं मला आपादमस्तक पाहून शांतपणे विचारलं, “किती किलो?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हा प्रश्न सरळ विचारला होता. मी सांगितलं, दर ठरला, त्यांनी खांदा दिला. सुरुवातीचा चढ अंगावर येतो. पुढच्या दोघांच्या माना खाली, मागच्या दोघांचा श्वास माझ्या कानाशी. वयस्कर माणसाच्या खांद्यावर दांडीच्या जागी घट्टा पडला होता, बैलाच्या मानेवर जू ठेवून पडतो तसा. तो दिसल्यावर मी नजर दरीकडं वळवली. चार माणसांच्या खांद्यावरून लेणी बघायला जाणं राजाला शोभत असेल. बँकेतल्या कारकुनाला ते जड जातं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एक सुटकाही वाटली. हा व्यवहार होता. मी ‘थांबा’ म्हटलं की ते थांबत होते. सतरा नंबर झाल्यावर मी म्हणालो, पुन्हा एकदा एक नंबरला जायचंय, तर त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, जादा पैशांचा आकडा सांगितला आणि वळले. त्यांच्यापैकी कुणाला मी ‘छान’ म्हणायची गरज नव्हती.

डोली लेण्याच्या दारापर्यंत. आत कुबड्या. एक नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे. हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, पापण्या उतरलेल्या. लेण्यात उजेड मुद्दाम मंद ठेवतात, रंग जपायला. उभ्या माणसांच्या घोळक्यामागून मला काही दिसेना, म्हणून मी भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसलो. गार्ड काही बोलला नाही. आणि खाली बसल्यावर लक्षात आलं की ती उतरलेली नजर खालीच येते. उभ्या माणसांच्या डोक्यांवरून नाही, त्यांच्या गुडघ्यांमधून, जिथं मी होतो तिथं. चित्रकारानं ते चित्र रंगवलं तेव्हा लेण्यात माणसं खालीच बसत असणार. घोळका बाहेर गेला, पुढचा आला, गाइडनं तेच तेच सांगितलं, मी बसून राहिलो. सव्वीस नंबरचा महापरिनिर्वाणातला बुद्धही तसाच, सुमारे ७ मीटर लांब, कुशीवर पहुडलेला. उभ्या माणसाला तो पायाशी दिसतो. बसलेल्या माणसाची आणि त्याची पातळी एक होते.

त्या कड्यावर लिफ्ट लावा असं मी म्हणणार नाही. डोंगर आहे, नदी आहे, दोन हजार वर्षांचा गिलावा आहे, भाताचं तूस आणि चिखल कालवून केलेला. काही जागा अवघड असतात आणि त्यांना अवघड राहू द्यावं. पण पायथ्याला, सपाट जमिनीवर, एक, दोन, सोळा आणि सतरा या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बांधल्या होत्या, पर्यटक केंद्रात. वर न जाऊ शकणाऱ्यासाठी याहून चांगलं काय असणार? वीज-पाण्याची बिलं थकली आणि त्या केंद्राला कुलूप लागलं. हे मात्र मला सोसत नाही. कडा चढता येत नाही याची मी निसर्गाशी तडजोड करीन, विजेच्या बिलाशी कशी करू?

वेरूळला मी माझ्या एका मित्राबरोबर जातो. तो जन्मांध आहे, संगीताच्या शिकवण्या घेतो आणि स्वभावानं खट. आम्ही दोघं निघालो की रिक्षावाले मामू म्हणतात, “चली जोडी.” सांख्य तत्त्वज्ञानात अंधपंगुन्याय आहे : पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, एक वाट दाखवतो, दुसरा चालतो. म्हणजे तिथंसुद्धा शेवटी उचलून घेणंच! मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, “सांख्यांना सांग, आधी याचं वजन बघा.”

कैलास लेण्याचं मला फार अप्रूप आहे, आणि त्याचं कारण कलेचं नाही, सोयीचं आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात हा डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी कळस, शेवटी अंगण. आणि ते अंगण मला पुरतं. मुख्य मंदिरात जायला उंच, अरुंद जिने आहेत, तिथं माझा प्रश्न मिटला. पण खाली समोर गजलक्ष्मी आहे, दोन बाजूंना ध्वजस्तंभ आहेत, खऱ्या मापाचे हत्ती आहेत, रामायण-महाभारताचे पट्टे आहेत आणि दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण. चाकं खडखडतात, हाडं खिळखिळी होतात, पण एक अख्खा दिवस मी त्या अंगणात कुणाच्याही हाताशिवाय काढू शकतो. मंगळवार सोडून, मंगळवारी वेरूळ बंद असतं. (अजिंठा सोमवारी. निघण्याआधी बघून जा, आम्ही एकदा हात हलवत परत आलोय.)

रावणापुढं आमचं भांडण झालं. मी वर्णन करत होतो, माझ्यातला लेखक जागा झालेला. “काय विलक्षण ताकद आहे बघ, दगडात जणू भूकंप...”

“थांब,” मित्र म्हणाला. “विलक्षण म्हणू नकोस. हात किती ते सांग.”

“वीस.”

“मोजलेस?”

मोजले नव्हते. मोजायला लागलो तर सोळा झाले, मग अठरा, मग पुन्हा सोळा. काही झिजलेले, काही एकमेकांआड.

“पाठ आपल्याकडं की तोंड? गुडघा टेकलाय का? वर पार्वती कुठल्या बाजूला झुकलीय? शंकराचा कुठला पाय खाली आहे?” पाऊण तास त्यानं माझी उलटतपासणी घेतली. मध्येच एक दासी घाबरून पळतेय असं मी म्हणालो, तर विचारतो, “घाबरलीय हे कशावरून?” मी म्हणालो, पाठमोरी आहे, पाऊल उचललंय, शेजारी तिच्यासारखं कुणी हललेलं नाही. “हां,” तो म्हणाला, “आत्ता दिसली.” मग आणखी दोन शिल्पं झाली आणि मला तहान लागली. हे काम आहे, कौशल्याचं काम आहे. गाइडच्या परवाना परीक्षेत ते शिकवायला हवं. ऐकू न येणाऱ्यांचीही अशीच तऱ्हा : अंधाऱ्या लेण्यात गाइडचे ओठ दिसत नाहीत, एक बॅटरी त्याच्या तोंडावर धरली तरी निम्मं काम होईल.

दगडाला हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हजारो हात रोज लागले तर रावणाचे आणखी चार कमी होतील. पण एखादी हातभर प्रतिकृती बाहेर ठेवायला कुणाचं काय जातं? मित्रानं मूर्ती हातानं पाहिली आहे ती फक्त घरच्या गणपतीची.

दहा नंबरच्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. वेरूळमधलं हे एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, छताला दगडातच कोरलेल्या लाकडी फासळ्या. तिथं आत जायला पायऱ्या आहेत, म्हणून मी पुढच्या चौकात थांबलो आणि मित्र काठी टकटकवत गार्डबरोबर आत गेला. बराच वेळ काही नाही. मग त्यानं नुसता षड्ज लावला. मोठ्यानं नाही, तंबोरा जुळवताना लावतात तसा. तो सूर आतून बाहेर यायला लागला आणि थांबेचना. त्यानं श्वास घेतला तरी सूर चालूच होता. चौकातले फोटो काढणारे थांबले. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, कसं होतं? त्यानं खूप वेळ विचार केला. “आवाज ओला होऊन परत येतो,” म्हणाला. नंतर रिक्षात बसल्यावर म्हणाला, “तू आत असायला पाहिजे होतास. तिथले चौघं म्हणत होते, उचलून घेऊ.”

“मग?”

“मी सांगितलं, त्याला विचारा.”

कुणी मला विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण त्याचं ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

माझी आजी पैठणची. लहानपणी ती मला कूर्मदासाची गोष्ट सांगायची. हात नाहीत, पाय नाहीत असा पैठणचा भक्त. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि पोटावर सरपटत निघाला. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो पंढरपूरच्या अलीकडं, लऊळपर्यंतच पोचला होता. मग त्यानं विठ्ठलाला निरोप धाडला आणि विठ्ठल त्याला भेटायला तिथं आला. आजी इथं डोळे पुसायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. तिला म्हणायचं होतं, तूही सरपटत रहा, देव येईल. मी बरीच वर्षं तसंच समजत होतो.

आता ती गोष्ट आठवली की मला वारीतली बाकीची माणसं दिसतात. सरपटणाऱ्या माणसाशेजारून हजारो धडधाकट माणसं दिंड्या घेऊन गेली असतील. आपलीच माणसं, आपल्याच मुलखातली. त्यांच्यातला कुणी थांबून म्हणाला नसेल का, “कशाला सरपटायलास बाबा, उचलून घेऊ की”? नक्की म्हणाला असणार. एक नाही, शंभर जण म्हणाले असतील. हातपाय नसलेला हलका माणूस, झोळीत घालून थेट पंढरपूर. तरीही तो लऊळपर्यंत सरपटत आला, म्हणजे त्यानं सगळ्यांना नको म्हटलं असणार. आजीच्या गोष्टीत हे नव्हतं. हा माझा कूर्मदास आहे.

उचलणाऱ्या हातांवर माझा राग नाही. त्या हातांनीच मला शाळेत नेलं, लग्नाच्या बोहल्यावर नेलं, वडिलांच्या चितेपाशी नेलं. परवा एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, “अरे, एवढे लोक मदतीला असताना तुला रॅम्प कशाला पाहिजे?” मी त्याला लाल दिव्याच्या नाटकाची गोष्ट सांगितली. तो हसला, आणि म्हणाला, “म्हणजे मधेच उठून जाता यावं म्हणून सरकारनं लाखभर रुपये घालायचे?”

“हो,” मी म्हणालो. “अगदी त्यासाठीच.”

गेल्या जानेवारीत एका महाविद्यालयाच्या आवारात मुलांनी मोकळ्यावर नाटक केलं. झाडाखाली, रिंगणात, प्रेक्षक चहूबाजूंनी, कुणी सतरंजीवर, कुणी प्लास्टिकच्या खुर्चीवर. फाटकापासून रिंगणापर्यंत सिमेंटचा सपाट रस्ता. तो काही माझ्यासाठी केलेला नव्हता, प्राचार्यांच्या गाडीसाठी असेल. मामूंनी फाटकाशी सोडलं, खुर्ची उलगडून दिली आणि भाडं घेऊन गेले. मी चाकं फिरवत आत गेलो. कुणी धावत आलं नाही. एका मुलीनं पत्रिका हातात दिली, तेवढंच.

नाटक ठीक होतं. मुलं तळमळीनं बोलत होती, पण एकेक जण बोलायला लागला की थांबत नव्हता. पंचविसाव्या मिनिटाला तिसऱ्या मुलानं आकाशाकडं बघून स्वगत सुरू केलं, तेव्हा मी ब्रेक काढला. खुर्ची हळूच मागं घेतली, वळवली आणि निघालो. चार-पाच जणांनी वळून पाहिलं, जसं कुणीही मधेच उठल्यावर बघतात, जरा वैतागून.

फाटकाबाहेरच्या टपरीवर कट चहा घेतला. आतून आवाज येत होता, स्वगत अजून चालूच. टपरीवाल्यानं विचारलं, “संपलं का?” म्हटलं, “नाही, मला कंटाळा आला.” त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

चहा संपला. आत एकदम शांतता झाली, मग कुणीतरी ढोलकीवर थाप मारली. आता यांनी शेवट काय केलाय ते तरी बघू, असं वाटलं. ग्लास ठेवला, पैसे दिले आणि पुन्हा आत गेलो.